थीसिसमध्ये पी व्हॅल्यू लावायची की बेज फॅक्टर? तर्रीच्या बारा चमच्यांवरून समजून घ्या

मार्च लागला की आमच्या नागपुरात दोन गोष्टी हमखास होतात, माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि एमए सायकॉलॉजीच्या फायनलवाल्या पोरापोरींचे मला फोन सुरू होतात. फोनची सुरुवात ठरलेली, "दादा, पी पॉइंट झिरो सिक्स आला, आता काय करू?" यंदा त्यात नवीन भर म्हणजे दोघीतिघींना गाईडनी सांगितलं की बेजियन ॲनालिसिस पण जोडा, आजकाल पेपरांमध्ये दिसून राहिलं, आणि मग पोरी व्हिडिओ बघून बघून आणखीच गोंधळल्या. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतो. मी काही स्टॅटिस्टिक्सचा प्रोफेसर नाही, सायकॉलॉजीतूनच आलोय, आकड्यांना घाबरत घाबरत शिकलोय, त्यामुळे यात फॉर्म्युले कमी आणि चमचे जास्त आहेत. चमचे कसले ते कळेलच.

पायरी १: आधी प्रश्न काय आहे ते कागदावर लिहा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या. खरंच घ्या, मी फोनवर पहिले हेच करायला लावतो आणि निम्म्या लोकांना राग येतो.

फ्रिक्वेंटिस्ट पद्धत, म्हणजे आपण एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये गटांची तुलना करायला जी टी टेस्ट, अनोव्हा वगैरे करतो ती, एकच गोष्ट सांगते: समजा खरोखर काहीच फरक नाहीये, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता? त्याचं उत्तर म्हणजे पी व्हॅल्यू. बेजियन पद्धत दुसरं काहीतरी विचारते: डेटा यायच्या आधी माझा अमुक एक अंदाज होता, आता डेटा आला, तर तो अंदाज कुठे आणि किती सरकला पाहिजे?

आता गंमत अशी की विद्यार्थ्याला विचारायचा असतो दुसरा प्रश्न आणि तो उत्तर काढतो पहिल्याचं. "माझी थिअरी बरोबर असण्याची शक्यता किती?" असं मनात, आणि हातात पी. मग पी ०.०४ आला की लिहून टाकतात, "९६ टक्के खात्रीने सिद्ध झाले". हे चूक आहे, आणि किती चूक आहे ते साध्या हिशोबाने बघा. समजा १००० कल्पना तपासल्या आणि त्यातल्या १०० च खऱ्या आहेत. पॉवर, म्हणजे खरी गोष्ट सापडण्याची शक्यता, ८० टक्के धरली तर १०० पैकी ८० सापडतील. उरलेल्या ९०० खोट्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४५, उगाचच सिग्निफिकंट (म्हणजे पी ०.०५ च्या खाली, नुसता योगायोग नाही असं मानण्याजोगे) येतील. एकूण सिग्निफिकंट १२५, त्यातले ४५ फुसके, म्हणजे ३६ टक्के. पाच टक्के कुठे अन् छत्तीस कुठे! आणि यात कोणी बदमाशी केलेली नाहीये, सगळे सरळ वागले तरी हे होतं.

पायरी २: एक लहान प्रयोग स्वतः हाताने करा

माझं डोकं या विषयात उघडलं ते पुस्तकाने नाही, तर्रीने. माझा मित्र बंटी, मूळचा काटोलचा, एकदा सकाळी पोहे खाताना म्हणे, "अबे, मले डोये बांधून खाऊ घाल, इतवारीची तर्री कोणती अन् धरमपेठेची कोणती, एका चमच्यात सांगतो." म्हटलं ठीक आहे, करू.

दोन डब्यांत दोन्हीकडची तर्री आणली, बंटीच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला, नाणं उडवून ठरवायचं कोणती द्यायची, मध्ये साधे पोहे आणि एक घोट पाणी. माझी बहीण वहीत लिहीत होती. पहिल्या फेरीत पठ्ठ्याने सहापैकी सहा बरोबर सांगितले आणि आम्ही थक्क. मग बहिणीच्या लक्षात आलं की एका डब्यातला चणा बारीक आहे आणि दुसरा डबा अजून गरम आहे, बंटी चव नाही तर चणा ओळखून राहिला होता. ती फेरी सरळ फेकली, दोन्ही तर्री गाळल्या, सारख्या कोमट केल्या आणि नव्याने सुरुवात. हे मुद्दाम सांगतोय कारण पहिल्या फेरीच्या आकड्यांना पी लावा नाहीतर बेज लावा, दोन्हीकडून झकास निकाल आला असता आणि दोन्ही बिनकामाचे असते.

दुसऱ्या फेरीत १२ चमचे झाले. ९ बरोबर, ३ चूक. बारावा चमचा चुकला.

(असाच प्रयोग स्टॅटिस्टिशियन रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात दिलाय, आठ कप चहा, आधी दूध घातलं की आधी चहा हे ओळखू शकते म्हणणारी एक बाई. आपल्याकडे तर्री, एवढाच फरक.)

पायरी ३: पी व्हॅल्यू एकदा बोटांवर काढा

बंटी अंदाजपंचे सांगतोय असं धरा, म्हणजे प्रत्येक चमचा नाणेफेक. हीच शून्य परिकल्पना. बारा नाणेफेकींचे एकूण ४०९६ प्रकार होतात. त्यात ९ बरोबर येण्याचे २२०, १० चे ६६, ११ चे १२ आणि बाराच्या बारा येण्याचा १. बेरीज २९९. भागाकार करा, २९९ भागिले ४०९६, ०.०७३. हा झाला एका बाजूचा पी, म्हणजे फक्त जास्त बरोबर येण्याची बाजू मोजलेला. ०.०५ च्या वर, म्हणजे "सिग्निफिकंट नाही". बंटीचं तोंड उतरलं.

तेवढ्यात बहीण वही दाखवत म्हणाली, "दादा, पण बारा चमचे असं कधी ठरलं होतं? तू तर म्हणालास तिसरी चूक झाली की थांबायचं."

आता खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं मी काय म्हणालो होतो. पण तिचं खरं धरलं तर हिशोब बदलतो! आता प्रश्न असा होतो की तिसरी चूक व्हायला बारा किंवा जास्त चमचे लागण्याची शक्यता किती, म्हणजेच पहिल्या ११ चमच्यांत जास्तीत जास्त दोनच चुका. ११ नाणेफेकींचे २०४८ प्रकार, त्यात शून्य चुकीचा १, एका चुकीचे ११, दोन चुकांचे ५५, बेरीज ६७. म्हणजे ०.०३३. सिग्निफिकंट! बंटी उठून नाचायला लागला.

तर्री तीच, चमचे तेच, बंटीची जीभ तीच, वहीतली नोंद तीच. फरक फक्त माझ्या डोक्यात थांबायचा काय बेत होता याचा. स्टॅटिस्टिक्सवाल्यांमध्ये हे जुनं प्रसिद्ध कोडं आहे, ९ आणि ३ या आकड्यांसकट, पण स्वतःच्या घरात घडलं की अंगावर येतं.

इथे घाईने "म्हणजे पी व्हॅल्यू बकवास" म्हणू नका. फ्रिक्वेंटिस्ट माणूस म्हणेल, भाऊ, मी तुला एकच हमी दिली होती, माझ्या नियमाने आयुष्यभर प्रयोग केलेस तर खोटा गजर शंभरात पाचपेक्षा जास्त वेळा वाजणार नाही. ती हमी पाहिजे असेल तर कधी थांबणार हे आधी सांगायलाच पाहिजे, नियम मधेच बदललास तर हमी गेली. आणि हे बरोबरच आहे.

माझी स्वतःची चोरी सांगतो. माझ्या डिसर्टेशनमध्ये परीक्षेच्या भीतीवरचा विषय होता, दोन गट. ४० फॉर्म भरून झाले, पी आला ०.०८. सिनियर म्हणाला अजून थोडे भरून घे. अजून १२ भरले, ०.०४ आला, सगळ्यांना चहा पाजला आणि थीसिस जमा. व्हायवामध्ये कोणी विचारलं पण नाही. तेव्हा मला वाटलं मी मेहनत केली. डेटा गोळा करता करता पाच वेळा डोकावून बघितलं आणि जिथे ०.०५ च्या खाली गेलं तिथे थांबलं, तर खोट्या गजराचं प्रमाण ५ वरून सुमारे १४ टक्क्यांवर जातं. दहा वेळा डोकावलं तर १९ च्या वर. मधे डोकवायचंच असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या सिक्वेन्शियल डिझाइन असतात, त्यात प्रत्येक डोकावण्याला ०.०५ मधला थोडा थोडा हिस्सा वाटून देतात. पण तेही आधी ठरवावं लागतं.

पायरी ४: आता त्याच चमच्यांवर बेज फॅक्टर

बेज फॅक्टर म्हणजे दोन अंदाजांची कुस्ती. एक पहिलवान म्हणतो "बंटी नाणं उडवतोय", दुसरा म्हणतो "बंटीला काहीतरी येतं". ज्याने आलेला निकाल जास्त चांगला वर्तवला होता तो जिंकला, आणि कितीपट चांगला वर्तवला तो आकडा म्हणजे बेज फॅक्टर.

नाणेवाल्याचं भाकीत: बारात बरोबर ९ येण्याची शक्यता २२० भागिले ४०९६, ०.०५४. दुसऱ्या पहिलवानाला मात्र आधी बोलावं लागतं की "काहीतरी येतं" म्हणजे किती येतं. हाच तो प्रायर, ज्याच्या नावाने सगळे घाबरतात. सगळ्यात आळशी प्रायर म्हणजे मला काहीच माहीत नाही, ० पासून १०० टक्क्यांपर्यंत बंटीची क्षमता काहीही असू शकते, सगळं सारखंच शक्य. असं म्हटलं की ० ते १२ असे १३ निकाल सारख्याच शक्यतेचे होतात, प्रत्येकी एक तेरांश, ०.०७७. भागा, ०.०७७ भागिले ०.०५४, साधारण १.४३.

म्हणजे हा डेटा "येतं" च्या बाजूने जेमतेम दीडपट पण नाही. आणि बघा, बारा चमच्यांवर थांबलो की तिसऱ्या चुकीवर थांबलो, हा आकडा दोन्हीकडे १.४३ च राहतो. बहिणीचं आणि माझं भांडण इथे मिटतं.

पण लगेच दुसरं भांडण सुरू होतं. बंटी म्हणे, "काऊन बे, शून्य टक्के काऊन धरलं? मी काय मुद्दाम चुकीचं सांगीन का?" मुद्दा बरोबर आहे. ५० टक्क्यांच्या खालचा भाग काढून टाकला आणि प्रायर ५० ते १०० मध्येच पसरवला तर बेज फॅक्टर होतो २.७३. जवळजवळ दुप्पट, डेटा तोच! म्हणजे फ्रिक्वेंटिस्टमध्ये थांबायचा बेत निकाल बदलतो, बेजियनमध्ये प्रायर बदलतो. फरक इतकाच की प्रायर कागदावर उघडा पडलेला असतो, कोणीही बोट दाखवून भांडू शकतो, आणि बेत डोक्यात असतो. मला स्वतःला हे उघडं भांडण जास्त आवडतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

२.७३ चं करायचं काय? तुमचा आधीचा भरवसा फिफ्टी-फिफ्टी होता तर आता ७३ टक्के झाला. माझ्यासारखा संशयी, ज्याला वाटत होतं की बंटीला येत असण्याची शक्यता दहात एकच, तो आता २३ टक्क्यांवर. दोघं वर सरकले, पण एका जागी आले नाहीत. अजून चमचे पाहिजेत.

ब्रिटिश शास्त्रज्ञ हेरॉल्ड जेफ्रीज यांनी १९३९ मध्ये बेज फॅक्टरसाठी मोजपट्टी दिली, त्यावरून आता साधारण असं धरतात: १ ते ३ म्हणजे नुसती बोलण्यापुरती गोष्ट, ३ ते १० मध्यम पुरावा, १० च्या वर दमदार, ३० च्या वर फार दमदार, १०० च्या वर मग बोलायलाच नको. याची पण ०.०५ सारखी लक्ष्मणरेषा करू नका, २.९ आणि ३.१ मध्ये काही दरी नाहीये.

पायरी ५: जास्पमध्ये करून बघा

जास्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी बनवलंय, आणि नावातला पहिला 'ज' त्याच जेफ्रीज यांच्या नावाचा. एसपीएसएसची फाईल सरळ उघडतं, त्यामुळे चोरून आणलेल्या एसपीएसएसच्या मागे लागायची गरज नाही.

चमच्यांसाठी: एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये १२ ओळी, बरोबर किंवा चूक, सीएसव्ही म्हणून सेव्ह करा, जास्पमध्ये उघडा, वर फ्रिक्वेन्सीजवर क्लिक करा. तिथे बायनॉमियल टेस्ट दोनदा दिसेल, एकदा क्लासिकलखाली (म्हणजे आपली फ्रिक्वेंटिस्ट), एकदा बेजियनखाली. टेस्ट व्हॅल्यू ०.५. दोन्ही करा आणि वरचे माझे आकडे येतात का तपासा. आले तर समजा हात बसला. पहिल्यांदा दोन बाजूंचा पी दिसेल, ०.१४६, घाबरू नका, डावीकडे "पेक्षा जास्त" वाला पर्याय निवडला की ०.०७३ होतो. टेबलमध्ये चूक आणि बरोबर अशा दोन ओळी येतात, बरोबरवालीच वाचा.

इथे एक खड्डा आहे ज्यात दरवर्षी कोणीतरी पडतं. टेबलमध्ये बीएफच्या (म्हणजे बेज फॅक्टरच्या) खाली बारीक अक्षरात १० लिहिलेलं असतं. ते दहा नाही! ते एक-शून्य आहे, म्हणजे एक नंबरचा अंदाज वर, शून्य परिकल्पना खाली. ०१ असेल तर उलटं. गेल्या वर्षी एका पोरीने "बेज फॅक्टर १० आल्यामुळे दमदार पुरावा" असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात आकडा होता ०.४.

इंटरव्हलकडेही, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो त्या पट्ट्याकडेही, बघून घ्या. क्लासिकलमध्ये ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल येईल ०.४३ ते ०.९५, बेजियनमध्ये आळशी प्रायर ठेवला तर क्रेडिबल इंटरव्हल ०.४६ ते ०.९१. दिसायला भाऊ-भाऊ, पण अर्थ वेगळा. "बंटीची खरी क्षमता ९५ टक्के शक्यतेने यात आहे" हे वाक्य फक्त दुसऱ्याबद्दल बोलता येतं, तेही त्या प्रायरसकट. पहिल्याबद्दल इतकंच म्हणता येतं की ही रीत वापरून शंभरदा असे इंटरव्हल काढले तर ९५ च्या आसपास वेळा खरा आकडा आत सापडेल, या वेळचा आहे की नाही ते सांगता येत नाही. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो.

पायरी ६: तुमच्या खऱ्या डेटावर, म्हणजे दोन गटांची टी टेस्ट

समजा तुमचा विषय आहे की परीक्षेआधी दहा मिनिटं प्राणायाम केलेल्या आणि न केलेल्या विद्यार्थ्यांच्या चिंतेच्या स्कोअरमध्ये फरक आहे का. पहिले सॅम्पल किती घ्यायचं ते ठरवा. जीपॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मध्यम इफेक्ट साइझ (फरक किती मोठा त्याचं माप) ०.५, पॉवर ८० टक्के, अल्फा (खोट्या गजराची मर्यादा) ०.०५ दोन बाजूंचा, असं टाकलं की उत्तर येतं प्रत्येक गटात ६४. आपल्याकडे "एका गटात ३० पुरे" ही जी म्हण झालीय ती कुठून आली देव जाणे. तीसच मिळणार असतील तर बेजियन लावून ते साठ होत नाहीत, फक्त बेज फॅक्टर १ च्या आसपास घुटमळतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की बाबा, कळत नाहीये. माझ्या मते हे पण एक उत्तर आहे.

मग जास्पमध्ये बेजियन इंडिपेंडंट सॅम्पल्स टी टेस्ट. प्रायर आपोआप कॉची नावाच्या आकाराचा, ०.७०७ रुंदीचा असतो, याचा मराठीत अर्थ असा की फरक असेलच तर इफेक्ट साइझ उणे ०.७०७ ते अधिक ०.७०७ मध्ये असण्याची शक्यता निम्मी धरलीय. हे तुमच्या विषयाला पटतं का, यावर एक वाक्य तरी लिहा. खाली रोबस्टनेस चेकचा चौकोन आहे तो टिक करा, प्रायर अरुंद-रुंद केला तर निकाल किती हलतो त्याचा आलेख येतो. आलेख सपाट असेल तर सुखाने झोपा. खूप हलत असेल तर तेही लिहा, लपवू नका.

प्रायर खूप रुंद ठेवला तर बेज फॅक्टर शून्य परिकल्पनेकडे झुकतो, हे लक्षात असू द्या. दुसरा पहिलवान "काहीही होऊ शकतं, दहापट फरक पण असू शकतो" असं बोलत सुटला की त्याचं भाकीत पातळ होतं आणि नाणेवाला फुकटात जिंकतो.

क्लासिकल टी टेस्टमध्ये एक छोटा चौकोन आहे, व्होव्क-सेल्के, तो पण टिक करा. तो सांगतो की या पी व्हॅल्यूतून शून्य परिकल्पनेविरुद्ध जास्तीत जास्त किती पुरावा निघू शकतो. पी बरोबर ०.०५ असेल तर आकडा येतो सुमारे २.५. म्हणजे ज्या ०.०५ साठी आपण रात्र रात्र जागतो ती चांगल्यात चांगल्या परिस्थितीत अडीचपट! ०.००५ ला तो १४ च्या जवळ जातो, आणि २०१७-१८ मध्ये ७० हून जास्त संशोधकांनी मिळून नवीन शोधांसाठी रेघ ०.००५ वर न्या असं सुचवलं त्यामागे असाच हिशोब होता. त्यावर लगेच दुसऱ्या मोठ्या गटाने उत्तर दिलं की रेघ कुठलीही धरा, पण का धरली ते सांगा.

मधेच थोडा इतिहास, कारण गाईड विचारतात

थॉमस बेज यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये मित्र रिचर्ड प्राइस यांनी छापून आणला. वीसात एक, म्हणजे ०.०५, ही सोयीची रेघ फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रुळली. नेमन आणि पिअर्सन या दोन स्टॅटिस्टिशियननी १९३३ मध्ये दोन प्रकारच्या चुकांचा, म्हणजे खोटा गजर आणि खरा फरक निसटणं यांचा, हिशोब मांडला. फिशर आणि नेमन यांचं आपसात अजिबात जमत नव्हतं, आणि आपल्या पुस्तकांत जे शिकवतात ती या दोघांची केलेली खिचडी आहे, त्यामुळे ती वाचताना गोंधळ झाला तर दोष तुमचा नाही.

सायकॉलॉजीत हे प्रकरण पेटलं २०११ मध्ये. डॅरिल बेम या नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञांनी एका मोठ्या जर्नलमध्ये नऊ प्रयोग छापले, हजारावर लोक, आणि दावा असा की माणसाला पुढे होणाऱ्या गोष्टीचा थोडा अंदाज आधीच येतो. नऊपैकी आठ सिग्निफिकंट, नेहमीचीच टेस्ट. लोक हादरले, कारण एकतर भविष्य कळतं नाहीतर आपली पद्धत गंडलीय. एरिक-यान वागेनमेकर्स आणि सहकाऱ्यांनी त्याच जर्नलमध्ये त्याच आकड्यांवर बेज फॅक्टर काढून दाखवलं की पुरावा बराचसा किरकोळ आहे. बेम यांच्या बाजूने उत्तर आलं की तुमचा प्रायरच अवास्तव रुंद आहे. म्हणजे बघा, तिथेही बंटीचंच भांडण. मग २०१५ मध्ये सायकॉलॉजीतले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले गेले, मूळचे ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच. त्याच वर्षी एका सोशल सायकॉलॉजीच्या जर्नलने पी व्हॅल्यूवर सरळ बंदी घातली. मला ती बंदी पटत नाही, स्वयंपाक बिघडला म्हणून कढई फेकण्यासारखं वाटतं, पण झालं ते असं.

पायरी ७: मग निवडायचं कोणतं

"फरक नाहीये" हेच तुम्हाला दाखवायचं असेल, उदाहरणार्थ ऑनलाइन आणि कागदावरच्या टेस्टचे स्कोअर सारखेच येतात, तर बेज फॅक्टर सोयीचा, कारण तो शून्य परिकल्पनेच्या बाजूनेही बोलू शकतो. पी ०.४ आला म्हणून "फरक नाही" लिहिता येत नाही, ही आपल्याकडची सगळ्यात कॉमन चूक. फ्रिक्वेंटिस्टमध्येही यासाठी इक्विव्हॅलन्स टेस्ट आहे, ती पण चालेल, फक्त किती फरक नगण्य धरायचा ते आधी सांगावं लागतं.

सॅम्पल मिळायला कठीण असेल, दवाखान्यातले पेशंट वगैरे, आणि एकेक करत डेटा येणार असेल तर बेजियन बरं, येईल तसं बघत राहता येतं. तरी तिथेही कुठे थांबणार ते आधी लिहून ठेवा, कारण बेज फॅक्टर ३ झाला की लगेच पळ काढायचा असं केलं तर खोटे गजर तिथेही वाजतात. आणि डिझाइन साधं, सॅम्पल आधीच ठरलेलं, गाईडना बेजियन माहीत नाही, अशी परिस्थिती असेल तर निमूटपणे पी व्हॅल्यू, सोबत इफेक्ट साइझ आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल. त्यात कमीपणा काही नाही.

एक करू नका. पी ०.०६ आला म्हणून बेजियनकडे धावू नका. तिथून २ आला की परत येऊन एका बाजूची टेस्ट, तीही नाही जमली की तीन लोक आउटलायर, म्हणजे फारच वेगळे स्कोअर असलेले, म्हणून काढायचे... हे सगळं मी करून बसलोय. दोन्ही करायच्या असतील तर दोन्ही करणार असं सिनॉप्सिसमध्येच लिहा आणि दोन्ही छापा, पटोत न पटोत.

पायरी ८: निकाल कसा लिहायचा

तर्रीचाच नमुना देतो, शब्द बदलून तुमच्या विषयाला लावा:

"१२ पैकी ९ वेळा ओळख बरोबर आली. योगायोगाच्या ०.५ या प्रमाणाशी तुलना करता एका बाजूचा पी ०.०७३ (१२ चमचे आधी ठरलेले धरून). ०.५ ते १ मध्ये समान पसरलेला प्रायर धरल्यास बेज फॅक्टर एक-शून्य २.७३, ० ते १ धरल्यास १.४३. क्षमता असल्याच्या बाजूने पुरावा किरकोळ आहे."

कंसातलं ते वाक्य बघितलं ना, तेच सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या वहीत ते नव्हतं म्हणून बहिणीशी भांडण झालं. आता पुढच्या फेरीसाठी पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: प्रायर ५० ते १००, बेज फॅक्टर १० च्या वर किंवा एक दशांशाच्या खाली गेला की थांबायचं, नाहीतर ४० चमच्यांवर काहीही होवो थांबायचं, खाली तारीख, बहिणीची सही. बंटीची सही राहिलीय, त्याचं म्हणणं ४० चमचे नुसती गाळलेली तर्री कोण खाईल, चणे तरी घाला.